भूत शेवटी आणा: इतिहासातल्या काळ्या घटनेवरून भयकथा लिहिण्याची पद्धत

‘सत्यघटनेवर आधारित’ असा शेरा मिरवणाऱ्या भयकथा मराठीत ढिगाने लिहिल्या जातात. वाचून झाल्यावर प्रश्न पडतो, सत्यघटना नेमकी कुठे होती? वाड्याचं नाव खरं असतं, एखादं साल खरं असतं. बाकी सगळी नेहमीची सामग्री: अमावास्या, कुत्र्यांचं रडणं, मोकळे केस, अचानक विझणारा दिवा. ती घटना उचलून दुसरी ठेवली तरी कथेत एक ओळही बदलावी लागत नाही.

यात प्रतिभेचा प्रश्न फारसा नसतो, क्रम चुकलेला असतो. आधी भूत ठरतं आणि मग त्याला शोभेलशी घटना शोधली जाते. खालची पद्धत उलट्या क्रमाची आहे. आधी घटना, मग तिचे कागद, मग जागा, मग त्या काळचं अज्ञान, आणि भूत अगदी शेवटी. उदाहरणं बरीचशी दोनच घटनांची घेतली आहेत: ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा खून आणि १८९६-९७ ची पुण्यातली प्लेगची साथ. दोन्हींवर कथा भरपूर झाल्या आहेत आणि दोन्हींत चुका ठरावीक जागी होतात.

तयारी

एक वही घ्या, मोबाइलमधली नोंद नको. पानावर उभे रकाने आखावे लागतात आणि मागे-पुढे सतत पाहावं लागतं. तिथी आणि इंग्रजी तारीख यांचा मेळ घालणारी जंत्री किंवा तसं एखादं भरवशाचं साधन हवं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलत असल्यामुळे पौष ते फाल्गुनातल्या तारखांना ७९ मिळवावे लागू शकतात. त्या भागाचा जुना नकाशा मिळाला तर उत्तम. जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर तर मिळवाच. त्यात घाटरस्ते, बाजाराचे वार, दुष्काळाची वर्षं, पाण्याची सोय असं सगळं एका ठिकाणी सापडतं.

आणि एक पथ्य: चौथा टप्पा पुरा होईपर्यंत कथेचं पहिलं वाक्य लिहू नका. सुचलं तर वहीच्या शेवटच्या पानावर टाकून ठेवा. पुढे ते बहुधा वापरावंसं वाटत नाही.

१. घटना निवडा, आणि तिचा तुकडा पाडा

पहिली चूक इथेच होते. ‘पानिपतावर भयकथा’ लिहायला घेतात. पानिपतावर भयकथा होत नाही, कादंबरीचे चार खंड होतात. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळचं रणांगण एवढं मोठं आहे की त्यात कुणा एकाची भीती दिसतच नाही. मात्र त्याच घटनेचा एक लहान तुकडा पाहा. सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली, आणि पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, ‘मीच भाऊसाहेब’ म्हणणाऱ्या तोतयाने मोठं बंड उभं केलं. सरदारांना आणि किल्लेदारांना ठरवावं लागलं की समोर उभा असलेला माणूस मेलेला आहे की जिवंत. हा तुकडा कथेच्या मापाचा आहे. यात भूत घालावंही लागत नाही.

निवडलेल्या घटनेला तीन प्रश्न विचारा.

ती एका जागेत आणि एक-दोन दिवसांत मावते का?

ज्याने राखायचं त्यानेच घात केला, किंवा राखणारा वेळेवर आलाच नाही, असं तिच्यात काही आहे का?

काही अपुरं राहिलं आहे का? प्रेत मिळालं नाही, दोषी मोकळा राहिला, सांगणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, क्रियाकर्म झालं नाही, असं काही?

तिन्हींपैकी दोन उत्तरं ‘हो’ असतील तर घटना घ्या. नारायणरावांच्या खुनाला तिन्ही लागू पडतात. मारेकरी वाड्याचेच गारदी, म्हणजे पगारी राखणदार. आणि रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलेले रघुनाथराव त्यानंतर दहा वर्षं जगले.

थांबा: घटनेत माणसं गमावलेली कुटुंबं अजून हयात आहेत का ते पाहा. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या सकाळी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी जमीनदोस्त झाली. यांवर लिहू नये असं नाही. पण गावाचं, बोटीचं नाव बदला, मृतांपैकी कुणाचंही नाव वापरू नका, आणि सत्यघटनेचा शेरा मथळ्याखाली लावू नका. एखाद्याच्या आजीचं प्रेत तुमच्या कथेत उठून चालायला लागतं तेव्हा त्या घरात ती कथा कशी वाचली जाईल, एवढा विचार पुरे.

२. तीन रकाने आखा

सगळ्या पद्धतीतलं हे सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं काम. पानावर तीन उभे रकाने पाडा.

पहिला रकाना ‘नोंद’: घटनेच्या वेळचे किंवा लगेच नंतरचे कागद. पत्रं, हिशेब, चौकशी, सरकारी अहवाल, वर्तमानपत्रातली बातमी.

दुसरा रकाना ‘हकिकत’: नंतर कुणीतरी सांगितलेलं. बखरी, आठवणी, आत्मचरित्रं, घराण्यात चालत आलेल्या गोष्टी.

तिसरा रकाना ‘दंतकथा’: कुणी सांगितलं ते माहीत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

आता शनिवारवाड्याची घटना या रकान्यांत भरून पाहा. तारीख, तिथी, गारद्यांचा थकलेला पगार, सुमेरसिंग गारद्याचं नाव, रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते ही गोष्ट, नारायणरावांचं वय (नुकतीच अठरा पूर्ण), रामशास्त्र्यांनी केलेली चौकशी, हे पहिल्या बाजूला. नारायणराव धावत काकांकडे गेले आणि त्यांना बिलगले, त्या क्षणी कोण काय बोललं, रामशास्त्र्यांनी ‘देहान्त प्रायश्चित्त’ भर दरबारात कसं सुनावलं, हे मधल्या रकान्यात. प्रसंग घडलेला, शब्द नंतर बसवलेले. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला ही गोष्ट तिसऱ्यात. पौर्णिमेच्या की अमावास्येच्या रात्री वाड्यातून ‘काका, मला वाचवा’ अशी हाक येते, हेही तिसऱ्यात.

रकाने भरले की पहिल्याच नजरेत एक गोष्ट दिसते. खून दुपारी झाला. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, गणपतीचे दिवस, पौर्णिमा दोन दिवसांवर. नारायणराव सकाळी पर्वतीला जाऊन आले होते आणि वाड्यात विसावले होते. बहुतेक कथा मात्र हा खून मध्यरात्री, विजांच्या कडकडाटात घडवतात.

का? कारण भय रात्रीचं असतं असं आपण गृहीत धरलेलं असतं. पण नीट विचार करा. स्वतःचं घर, उत्सवाची वर्दळ, डोक्यावर ऊन, आणि दारावर ज्यांना बघून झोप लागावी तीच माणसं हत्यारं घेऊन आत येतात. मध्यरात्री निदान कुणी झोपलेलं असतं म्हणून मदत मिळत नाही. इथे सगळे जागे होते. मला विचाराल तर त्या घटनेतलं सगळ्यात भयंकर वाक्य तिसऱ्या रकान्यातल्या हाकेचं नाही. पहिल्या रकान्यातली तीन कोरडी पदं बघा: गारदी, पगार, दुपार.

तपासा: तुमच्या आराखड्यातल्या प्रत्येक माहितीपुढे रकान्याचा आकडा लिहा. तिसऱ्या रकान्यातली गोष्ट निवेदक स्वतः खरी म्हणून सांगत असेल तर ती एखाद्या पात्राच्या तोंडी द्या. ‘आनंदीबाईंनी कागदावर अक्षर बदललं’ असं निवेदकाने म्हटलं की तो इतिहासाचा दावा होतो. वाड्यातली कुळंबीण ‘बाईसाहेबांनीच केलं म्हणतात’ असं कुजबुजली की ती अफवा होते, आणि भयकथेला अफवा नेहमीच जास्त मानवते.

थांबा: किल्ल्याचा बुरूज ढासळत होता म्हणून पायाखाली बाळंतीण किंवा नवविवाहित जोडपं गाडलं, अशा कथा पुष्कळ गडांच्या, पुलांच्या आणि तलावांच्या नावावर आहेत. जवळपास सारख्याच शब्दांत त्या दूरदूरच्या ठिकाणी सांगितल्या जातात. एकच गोष्ट दहा जागी ऐकू येत असेल तर ती सरळ तिसऱ्या रकान्यात टाका. तिथून उचलून वापरायला हरकत नाही, फक्त त्या गडाचा इतिहास म्हणून छापू नका.

३. जागा पाहा, आणि तेव्हाची जागा वेगळी काढा

शनिवारवाड्यावरच्या कथांत नायक हमखास जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जातो, दालनाचं दार करकरतं, आरशात कुणीतरी दिसतं. तिथे दालनच नाही. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत वाडा सात दिवस जळत होता. आज उभे आहेत ते तट, बुरूज, दरवाजे आणि आतल्या इमारतींचे चौथरे. म्हणजे ज्या खोलीत खून झाला तिची हवाच उरली आहे. लेखकाला ही अडचण वाटते. खरं तर आयतं हाती आलेलं आहे: नायक चौथऱ्यावर गवतात उभा आहे आणि वर, जिथे मजला असायचा तिथे, कुणाचीतरी धावपळ ऐकू येते.

जागेवर दिवसा जा. संरक्षित स्मारकांत रात्री सहसा प्रवेश नसतो, आणि तटावरून उड्या मारून ‘अनुभव’ घेणाऱ्यांना पहारेकऱ्यांशिवाय काही भेटत नाही. वहीत तीन गोष्टी टिपा. घटनेच्या वेळी ऊन कुठे पडतं. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालायला किती पावलं लागतात. आवाज कुठून परत येतो. पावलांचा आकडा फार उपयोगी पडतो. पळणारं पात्र कितव्या पावलाला काय पाहील हे त्यावरून ठरतं.

जागा उरलीच नसेल तर जुना नकाशा, गॅझेटिअर आणि त्या भागातल्या ओढे-टेकड्या यांवर भागवा. साथीच्या वेळी गावाबाहेर उभारलेल्या छावण्या आणि शेतातल्या झोपड्या मागे काहीच ठेवत नाहीत. पण वारा कुठून वाहतो आणि पाणी किती लांब आहे, हे बदललेलं नसतं.

४. त्या काळी काय ठाऊक नव्हतं त्याची यादी करा

ऐतिहासिक भयकथेची खरी ताकद इथे आहे, आणि हाच टप्पा जवळपास सगळे गाळतात.

प्लेगचं उदाहरण घेऊ. रोगाचा जंतू येर्सिनने हाँगकाँगमध्ये १८९४ ला शोधला होता. मुंबईत मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये रोग ओळखला. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये लस स्वतःला टोचून घेतली. पण रोग उंदरावरच्या पिसवेतून माणसाला होतो हे सिमाँने कराचीत सिद्ध करायला १८९८ उजाडलं, आणि त्यावर सगळ्यांचा विश्वास बसायला आणखी काही वर्षं गेली. साथीच्या आधी उंदीर मरतात हे लोकांच्या लक्षात येत होतं. मधला दुवा मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. डॉक्टरला नाही, वैद्याला नाही, घरझडती घेणाऱ्या सोल्जरला नाही आणि त्याच्यापासून आजारी मूल लपवणाऱ्या आईलाही नाही.

आता १८९७ च्या मार्चमधलं पुणं बघा. रँडच्या हाताखाली प्लेग समिती, गोरे शिपाई घराघरांत शिरून झडत्या घेतायत, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत हलवतायत, जमीन उकरतायत, चुना फासतायत, चिंध्या-अंथरुणं जाळतायत. लोक काय करतायत? रोगी माळ्यावर लपवतायत, रात्री शेजारच्या घरात सरकवतायत, अंथरूण बोचक्यात बांधून नात्यातल्या गावी पाठवतायत. दोन्ही बाजू जे करतायत ते त्यांच्या समजुतीप्रमाणे अगदी शहाणपणाचं आहे. आणि वाचकाला ठाऊक आहे की मेलेला उंदीर थंड पडला की पिसवा जवळच्या उबदार अंगाकडे जातात, आणि त्या बोचक्यातून काय प्रवास करतंय.

पात्राला न दिसणारी गोष्ट वाचकाला दिसते आहे, एवढ्यावर अख्खी कथा उभी राहते.

वहीत दोन याद्या करा: ‘पात्राला ठाऊक’ आणि ‘वाचकाला ठाऊक’. या दोहोंमधल्या फटीत तुमची कथा आहे. फट सापडली नाही तर घटना बदला किंवा आणखी वाचा.

फरक जवळून पाहायचा तर हे दोन परिच्छेद वाचा. पहिला नेहमी दिसतो तसा:

‘१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं. माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत होती. अशाच एका अमावास्येच्या रात्री त्या पडक्या वाड्यातून एक काळीज चिरणारी किंकाळी घुमली आणि सारा आसमंत थरारून गेला.’

दुसरा त्याच घटनेतला, साथीची कुजबुज अजून आळीत पोचायची आहे तेव्हाचा:

‘सकाळी माजघरात तिसरा उंदीर सापडला. आत्याने तो शेपटीला धरून उचलला, सुपात टाकला, आणि कडेवरच्या पोराला लागू नये म्हणून सूप दुसऱ्या हाताने लांब धरलं. “मांजर कामाला लागलंय हो,” ती म्हणाली. मांजर दोन दिवस घरी आलं नव्हतं.’

दुसऱ्यात किंकाळी नाही, साल नाही, भयाचं एकही विशेषण नाही. आत्या नीटनेटकी बाई आहे, पोराची काळजी घेते आहे, आणि सूप लांब धरून काहीही उपयोग नाही.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही चालते. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एक्झिटर गावी ब्राउन कुटुंबात क्षयाने एकामागून एक माणसं गेली. मेर्सी ही मुलगी १८९२ च्या हिवाळ्यात वारली, आणि भाऊ आजारी होता. मेलेल्यांपैकीच कुणीतरी जिवंतांचं रक्त ओढतंय या समजुतीने गावकऱ्यांनी प्रेतं उघडली. थंडीमुळे मेर्सीचं शरीर टिकलेलं होतं, तोच पुरावा ठरला. तिचं काळीज जाळून राख भावाला औषध म्हणून पाजली. दोन महिन्यांनी तोही गेला. या घटनेवर लिहिताना रक्तपिपासू मुलगी रंगवणं सोपं आहे. पण राखेचा पेला भावाच्या ओठाला लावणारा बाप रंगवून बघा. त्या बापाला मुलीबद्दल माया नव्हती असं कुणी म्हणेल का?

तपासा: तुमच्या पात्राला आजचं ज्ञान चुकून मिळालंय का? ‘मला आतून जाणवत होतं की या उंदरांतच काहीतरी आहे’ हे वाक्य आलं की फट बुजली.

५. वस्तू आणि वेळ तपासा

हा टप्पा लवकर उरकतो, पण टाळला तर जाणकार वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटतो. पहिला मसुदा झाल्यावर फक्त यासाठी एकदा वाचा.

१७७३ च्या माणसाजवळ काडेपेटी नाही, चकमक आहे. तो चहा पीत नाही. त्याचा फोटो भिंतीवर टांगलेला नसतो. तो ‘दोन मिनिटांत’ येत नाही, घटकाभराने येतो. घटका म्हणजे २४ मिनिटं, प्रहर म्हणजे तीन तास. १८९७ मध्ये फोटो आहे, घासलेटचा कंदील आहे, काडेपेटी आहे, मुंबई-पुणे आगगाडी आहे (बोरघाटातला लोहमार्ग १८६३ चा), पण पुण्याच्या वाड्यात बटण दाबून लागणारा दिवा नाही. ‘लाइट गेली’ हा प्रसंग त्यामुळे बाद.

चंद्र मात्र नक्की तपासा. कोणत्याही जुन्या तारखेची तिथी काढता येते. ती काढल्याशिवाय कथेत ‘काळोखी रात्र’ लिहू नका. शुद्ध त्रयोदशीच्या रात्री अंगणात सुई शोधता येईल इतका उजेड असतो.

६. आता भूत

इथवर आलात तर घटनेत काय अपुरं राहिलं हे तुम्हाला ठाऊक झालेलं असतं. भूत त्या अपुरेपणातून काढायचं.

आपल्या लोककथांतली भुतं नीट पाहिली तर ती अशीच घडलेली दिसतात. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. पाण्यात ओढणारा गिऱ्हा. वाट चुकवणारा चकवा. ज्या काळात मुलगे लहानपणी जात, बाया बाळंतपणात जात, रात्री ओलांडताना नदीत माणसं जात, त्या काळाची ही मृत्यूची नोंदवहीच आहे. म्हणून प्लेगच्या कथेत हडळ आणली की ती उपरी वाटते. प्लेगमध्ये अपुरं काय राहिलं? ज्यांना उचलून नेलं ते कुठे गेले हे घरच्यांना शेवटपर्यंत न कळणं. लपवलेला रोगी लपलेलाच राहणं. तिथलं भूत माळ्यावर बसून ‘गेले का ते?’ एवढंच विचारणारं असेल. कदाचित ते भूत आहे हेही त्याला माहीत नसेल.

एक नियम पाळा: भुताला एकच गोष्ट करू द्या, आणि ती पहिल्या रकान्यातून आलेली असू द्या. नारायणरावांची हाक आता इतकी घासली गेली आहे की तिने कुणी दचकत नाही. त्याऐवजी भरदुपारी दारात उभा राहून थकलेला पगार मागणारा गारदी आणा. तो अंगावर येत नाही, किंचाळत नाही. कितीही दिलं तरी ‘बाकी राहिली’ म्हणतो. पगार कोणत्या कामाचा, हे घरच्यांनी विचारू नये एवढंच.

थांबा: ज्यांच्यावर चेटकीण म्हणून आरोप झाले त्या बायकांना कथेत खरोखरच्या चेटकिणी करू नका. सेलममध्ये १६९२ ला १९ जणांना फासावर दिलं. सगळे निर्दोष होते. त्यांना मंत्र येत होते असं दाखवणारी कथा अजाणता फास घालणाऱ्यांच्या बाजूने साक्ष देते. आपल्याकडे डाकीण ठरवून बाईला मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार इतिहासजमा झालेले नाहीत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा प्रकारांसाठीही करावा लागला. अशा घटनेवर भयकथा जरूर लिहा. तिच्यातलं भय आरोप करणाऱ्या जमावाकडे ठेवा.

हेच जातीला आणि धर्माला लागू. एखाद्या समाजाचं भूत म्हणजे आपोआप क्रूर, ही सवय लोककथांतून आपल्या लिखाणात न कळत उतरते. भुताची जात कथेला लागत नसेल तर काढून टाका.

७. लिहिण्याचा क्रम

पहिला मसुदा भुताशिवाय लिहा. खरोखर. फक्त घटना, माणसं, जागा आणि चौथ्या टप्प्यातली फट. तो कुणालातरी वाचायला द्या आणि ‘कसा वाटला?’ असं विचारू नका. ‘कुठे थांबावंसं वाटलं?’ असं विचारा. कुठेच नसेल तर दुसऱ्या मसुद्यात भूत आणून भागणार नाही. रकान्यांकडे परत जा. एखाद्या जागी वाचणारा अडखळला असेल तर भुताचा प्रवेश तिथेच, किंवा त्याच्या दोन परिच्छेद आधी.

सुरुवात तारखेने करू नका. ‘१८९७ साली’ हे पहिले शब्द वाचले की वाचक पाठ्यपुस्तकाच्या तयारीने बसतो. साल नंतर एखाद्या वस्तूतून किंवा हुकमातून येऊ द्या.

चार मित्र कॅमेरा घेऊन पछाडलेल्या वाड्यात रात्र काढायला जातात, ही चौकट टाळलेली बरी. तीत ऐतिहासिक घटना मधल्या एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याच्या तोंडून सलग दीड पान सांगितली जाते आणि तिथेच वाचक गळतो. आजचा काळ हवाच असेल तर घटनेशी व्यवहाराचा संबंध असलेलं पात्र घ्या: जुने कागद लावणारा कारकून, पाया खोदणारा मुकादम, वाड्याच्या वाटणीचा दावा चालवणारा वारस. त्याला ती घटना कामापुरती हवी असते, म्हणून ती तुकड्यातुकड्याने आणि योग्य वेळी येते.

खऱ्या ऐतिहासिक व्यक्तीला मुख्य पात्र करण्याआधी दोनदा विचार करा. नारायणराव, रँड, चापेकर यांचा शेवट वाचकाला पाठ आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय होणार हे ठाऊक असताना धाकधूक कशाची राहणार? शिवाय प्लेगची प्रत्येक कथा रँडच्या खुनाकडे धावते आणि माळ्यावरचा रोगी मध्येच विसरला जातो. मोठी माणसं दाराबाहेर ठेवा, त्यांच्या हुकमाचा आवाज आत येऊ द्या.

तपासा: मसुद्यातून ‘भयाण’, ‘गूढ’, ‘काळीज चिरणारी’, ‘अंगावर काटा’ हे सगळे शब्द खोडा आणि पुन्हा वाचा. ज्या जागी वाक्य पडतं तिथे मुळात प्रसंगच लिहिलेला नाही.

८. शेरा आणि टीप

‘सत्यघटनेवर आधारित’ हा शेरा वापरायचाच असेल तर कथेखाली चार ओळींची टीप द्या. खरं काय, सांगोवांगीचं काय, आपण रचलेलं काय, हे त्यात वेगळं सांगा. नमुना असा:

‘पुण्यात १८९७ च्या मार्चपासून प्लेगसाठी लष्कराकरवी घरझडत्या झाल्या, रोगी आणि त्यांच्या घरची माणसं हलवली गेली, ही नोंदलेली वस्तुस्थिती आहे. रोगी लपवल्याच्या हकिकती त्या काळच्या आठवणींत येतात. कथेतलं घर, आळी आणि सगळी माणसं काल्पनिक आहेत.’

ही टीप पहिला मसुदा लिहिण्याआधीच करून ठेवा. पहिल्या ओळीत घालायला काही सापडत नसेल तर शेरा काढा आणि ‘काल्पनिक’ म्हणून कथा बिनधास्त छापा. तसं करण्यात कमीपणा काहीच नाही. टीप नेहमी कथेच्या खाली, कधीही वर नको. वर दिली की माळ्यावर कोण आहे हे वाचकाला आधीच कळतं.